पहिली खुर्ची

"शाळेत असतानाच कॉलेजचे विषय पास झालीस, तर कॉलेजचं अख्खं वर्ष वाचेल, पोरी," शाळेचे सल्लागार हॅस्केट सर म्हणाले, तेव्हा डेलाने बँडमधली ट्रम्पेटची पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य वादकाची जागा, सोडली. त्या विषयांचे तास बँडच्या सरावाच्या वेळीच होते. "कुणा गरजू मुलाला द्या," म्हणत तिने आपलं ट्रम्पेटही सरांच्याच हवाली केलं. आज विद्यापीठाच्या खिडकीतल्या बाईंनी मान हलवली. "ते विषय आम्ही धरत नाही. तुमच्या शाळेला केव्हाच कळवलंय." सुन्न होऊन डेला वळली, तर मागे सरांचीच मुलगी टेस. "तुझेही विषय बुडाले का गं?" डेलाने विचारलं. "छे! मी घेतलेच नव्हते. बाबा म्हणाले, उपयोग नाही. त्यापेक्षा पहिली खुर्ची रिकामी होतेय, ती पटकाव. हे ट्रम्पेटही त्यांनीच दिलं वाढदिवसाला!" टेसच्या हातातल्या ट्रम्पेटच्या पेटीच्या मुठीला डेलाने बांधलेली निळी फीत तशीच होती.