दुसरी कॉपी

शिंप्याच्या दुकानाचं शटर सुनेनं वर केलं, तेव्हा आधी घोट्याएवढं पाणी बाहेर आलं आणि त्याच्या मागोमाग तरंगत एक पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता. कापडाचे गठ्ठे उंच फळीवर होते, ते वाचले. शिलाई मशिनी पुसल्यावर चालू झाल्या. धार नेमकी पडत होती ती कॉम्प्युटरवर.

दुरुस्तीवाला आला. त्यानं कॉम्प्युटर आडवा केला, तसं आतून भडाभडा पाणी निघालं.

"मापांची कॉपी ठेवली होती ना, वहिनी?"

"होती की."

"कुठे?"

तिनं कॉम्प्युटरच्या मागे खोचलेल्या पेन ड्राइव्हकडे बोट दाखवलं. तोही ठिबकत होता.

"म्हणजे दोघं एकाच होडीत," दुरुस्तीवाला म्हणाला. "दुसरी कॉपी दुसऱ्या घरात ठेवायची असते."

सून मटकन स्टुलावर बसली. गिऱ्हाइकांची मापं कुणी पळवू नयेत म्हणून तिनं चौदा अक्षरी पासवर्ड ठेवला होता. पाण्यानं काही पासवर्ड विचारला नाही. सासऱ्यांच्या हातच्या बावीस वह्या होत्या, त्या सगळ्या टाइप करून झाल्यावर तिनंच रद्दीत घातल्या होत्या. सासरे तेव्हा रद्दीवाल्याला फक्त "जपून ने रे" म्हणाले होते.

आता ते हातात फडकं घेऊन कापायचं टेबल पुसत होते.

"बाबा, वाद्यवृंदाचं काय करायचं?"

नऊ वादकांचे नऊ काळे सूट. कार्यक्रम शनिवारी. आजच कापायला घेतले तरच जमणार होतं. कापड वादकांनी स्वतः आणून दिलेलं, मोजून नऊ सुटांपुरतं. त्यात एक चूकसुद्धा बसणार नव्हती.

"बोलाव त्यांना," सासरे म्हणाले.

तासाभरात नऊच्या नऊ जण वाद्यांसकट दारात हजर. तालमीला निघाले होते. सासऱ्यांनी एकेकाला कमरेला हात घालून, खांद्याला धरून, पाण्यातून आत घेतलं. "सांभाळून हं. निसरडं झालंय." ढोलाएवढ्या ड्रमवाल्याला आणताना तर त्यांनी दोन्ही हातांची मिठीच घातली.

सून टेप घेऊन पुढे झाली. "जरा पुन्हा मापं घ्यावी लागतील."

"पुन्हा?" व्हायोलिनवाले मास्तर भडकले. ते सगळ्यांचे प्रमुख होते. "मागच्याच महिन्यात अर्धा दिवस घालवलाय आम्ही. हरवली म्हणता? उद्या सूटही हरवाल! द्या आमचं कापड परत. समोर काय दुसरा शिंपी नाही?"

सुनेचा चेहरा पडला.

"मास्तर, टेपची गरजच नाही," सासरे म्हणाले. त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "सगळी इथे आहेत. तू लिही गं. ट्रम्पेटवाले. छाती छत्तीस, कंबर बत्तीस."

सुनेचं पेन अडलं. महिन्यापूर्वी तिनंच टेप धरला होता, तेव्हा कमरेचा आकडा चाळिसाच्या पुढे गेला होता. तिनं ट्रम्पेटवाल्याकडे पाहिलं. त्याच्या शर्टाचं पोटावरचं बटण जीव मुठीत धरून बसलं होतं.

"बरोबर?" सासऱ्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर," ट्रम्पेटवाला म्हणाला आणि ताठ उभा राहिला.

"ड्रमवाले. कंबर चौतीस."

"काय स्मरणशक्ती आहे!" ड्रमवाला गहिवरला.

"बाबा, एकदा नुसता टेप लावून..."

"अहो ताई, ते सांगतायत ना? लिहा तेच!" बासरीवाला म्हणाला. त्याचं माप अजून यायचं होतं.

मास्तरांची पाळी आली. "मास्तर, कंबर तीस," सासरे म्हणाले. मास्तरांनी पोट आत ओढून घेतलं. मग हलकेच म्हणाले, "तीस. हो. साधारण तेवढीच."

दहा मिनिटांत काम उरकलं. नऊ जण बारीक होऊन बाहेर पडले. ड्रमवाल्यानं तर पाण्यावरून उडी मारली. जाता जाता मास्तर म्हणाले, "कॉम्प्युटरपेक्षा तुमचे बाबा बरे."

ते वळणाआड गेले आणि सुनेनं वही टेबलावर आपटली.

"बाबा, ही मापं त्यांच्या लग्नाच्या वेळची असतील! बत्तीसच्या पँटमध्ये ट्रम्पेटवाल्यांचा फार तर एक पाय जाईल. शनिवारी स्टेजवर नऊ जणांच्या पँटी उसवल्या तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. चूक माझी आहे. कॉपी मी ठेवली नाही, वह्या मी दिल्या. मीच त्यांना फोन करते आणि खरं काय ते सांगते."

तिनं फोन उचलला. सासऱ्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि खिशात घातला. मग दारापाशी गेले, रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

"ती त्यांना सांगायची मापं होती," ते खडू उचलत म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात ड्रमवाल्याला घातलेल्या मिठीएवढे गोल धरले. "पान उलट. आता कापायची लिही."