सोंडकिड्याचा फोटो

"आता कुणी हलायचं नाही," थोरला म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

कॅमेरा आपला आपण कामाला लागला. एक फोटो, मग भिंग इवलंसं सरकणार, मग दुसरा. समोर टाचणीच्या टोकाला डिंकाने चिकटवलेला धान्यातला सोंडकिडा होता, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. इतक्या जवळून एका फोटोत त्याचा केसभर भागच स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा फोकस जरा जरा पुढे नेत फोटो काढत राहतो आणि कॉम्प्युटर त्यातले स्पष्ट तुकडे वेचून एक अख्खा किडा जोडतो. मध्ये कुणी पाय आपटला की सगळं मुसळ केरात. म्हणून स्टुडिओचा पंखा बंद होता, दार लावलेलं होतं आणि वहिनी चहाचे कप हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर खांबासारखी उभी होती.

"अहो, हात भरून आला माझा."

"श्श."

कॅमेरा थांबला. धाकट्याने फोटो कॉम्प्युटरवर जोडून दाखवले. किड्याचा डोळा लख्ख होता, पाठीवरचा खळगा न् खळगा दिसत होता. पण डोळ्याच्या पुढे आलेली सोंड पार धुक्यात. आणि धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंना नेमकी सोंडच हवी होती. हा एक फोटो त्यांच्या पसंतीस उतरला, तर त्यांचे सगळे किडे यापुढे याच टेबलावर येणार होते आणि पासपोर्ट फोटोंवर कसाबसा तग धरून असलेला दोघा भावांचा स्टुडिओ तरणार होता.

"तू पाय हलवत होतास," थोरला म्हणाला.

"नव्हतो."

"मग हिचे कप वाजले असतील."

"हो, फोडा माझ्याच डोक्यावर खापर," वहिनी म्हणाली आणि चहा ठेवून वर निघून गेली.

दुसऱ्या खेपेला रस्त्यावरून गेलेला ट्रक दोषी ठरला. तिसऱ्या खेपेला ना ट्रक, ना कप. दोघांनी श्वाससुद्धा बेताने घेतला. सोंड तशीच धूसर.

धाकट्याला चूक पहिल्याच खेपेला कळली होती. कॅमेऱ्यासोबत आलेलं माहितीपुस्तक घरात फक्त त्यानेच वाचलं होतं. फोकस जिथे लावाल तिथून हा कॅमेरा लांब लांब जातो, उलटा जवळ येत नाही. तेव्हा सुरुवात भिंगाच्या सगळ्यात जवळ जे असेल तिथून करायची, म्हणजे सोंडेच्या टोकापासून. आणि दादा दर वेळी डोळ्यावर फोकस लावत होता. जन्मभर त्याने माणसांचे फोटो काढले होते, आणि धाकट्यालाही तेच शिकवलं होतं. डोळा धर, चेहरा आपोआप येतो. बरोबरच होतं ते. माणसाला कुठे सोंड असते?

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते सारखं ओठांवर येत होतं आणि तो गिळत होता. दुसऱ्या शहरातल्या एका छापखान्यात त्याला नोकरी मिळाली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. दादाच्या समोर उभं राहून 'मी जातो' म्हणणं काही त्याच्याच्याने होणार नव्हतं. पण हा फोटो फसला की स्टुडिओ आपसूक बंद पडणार, मग दादाच म्हणणार, तू आता तुझं बघ. कुणी कुणाला सोडून गेलं असं व्हायलाच नको. मनातल्या मनात त्याला स्वतःची लाज वाटत होती, तरी तोंड उघडत नव्हतं.

थोरल्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यावरच्या त्या धुक्याकडे बघत राहिला.

"माझंच चुकतंय रे. नजर राहिली नाही आता. उगाच बोललो तिला." तो खुर्चीत मागे टेकला. "दे तो किडा परत करून. बाईंना सांग, आमच्या दादाला जमत नाही आता."

हेच तर हवं होतं. धाकट्याने किड्याची डबी उचलली, टाचणीला हात घातला. दादाच्या नजरेला काडीचाही दोष नव्हता, आणि हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं. उद्या दादा कॅमेरा हातात धरायलाही कचरला असता. तेवढं मात्र धाकट्याला सोसवेना. त्याने डबी खाली ठेवली.

"दादा, डोळ्यापासून नाही. सोंडेच्या टोकापासून धरायचं. हा पुढून मागेच जातो, परत फिरत नाही."

धाकट्याने सोंडेच्या टोकावर फोकस लावला आणि बटण दाबलं. कॅमेरा आपल्या गतीने सरकत राहिला. दोघं शेजारी शेजारी बसून होते.

या वेळी सोंडेच्या टोकापासून ढुंगणापर्यंत अख्खा किडा लखलखीत आला. मिशांचा सांधा न् सांधा वेगळा दिसत होता. थोरल्याने फोटो मोठा केला आणि इंच इंच सरकवत सगळा पाहिला.

"बाई खूश होतील," तो म्हणाला. मग पडद्यावरची नजर न काढता त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

थोरल्याने नुसती मान हलवली.

"इथून सुटायचं असल्याशिवाय माझं काम बिघडताना गप्प बसणारा नाहीस तू," तो म्हणाला. "निघायचं कधी ठरलंय?"