दिशा शोधणारा कावळा

कावळा परत आला आणि माझ्या बायकोच्या खांद्यावर बसला. भर समुद्रात जमीन शोधायला आम्ही कावळा सोडायचो. जमीन दिसली तर तो तिकडे जाई, नाहीतर गलबतावर परत येई.

“पुन्हा आला! बाई गलबतावर आहे, म्हणून समुद्र जमीन लपवतोय,” गलबताचा म्होरक्या, तांडेल ओरडला. प्यायचं पाणी संपलं होतं.

“अहो तांडेल, मी त्याला रोज भात चारलाय, म्हणून येतो तो,” ती म्हणाली. “माझ्या हातचं खाऊन तुम्ही तरी कुठे हलता?”

कोणी हसलं नाही. खलाशांनी तिला केस धरून पाण्यात ढकललं. मी धावलो, तर दोघांनी मला वल्ह्यांनी झोडपलं. तिने गलबताची कड धरली. तांडेलाने तिच्या हातांवर कुऱ्हाड घातली.

मग कावळा पुन्हा सोडला. तो आमच्यावर घिरट्या घालत राहिला, गलबतावर ती दिसेना तसा सरळ पूर्वेला गेला.

“बघितलंस? समुद्र पावला!” तांडेल मला म्हणाला. “धर सुकाणू, जाऊ दे त्याच्यामागे!”

मी सुकाणू धरलं आणि ती बुडाली तिकडे गलबत वळवलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून मोडली, तेव्हाच सुकाणू सुटलं.