दोन थापा

पावसात मोटारसायकल चालवावी तर आपणच, असा हयवदनरावांना अभिमान होता. भिजल्या पानांवरून चाक न्यायचं नाही, ब्रेक करकचून दाबायचा नाही. आणि मागे बसलेल्या वसुमतीने खांद्यावर एकदा थोपटलं की हळू, दोनदा थोपटलं की थांबायचं. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून लग्न झालं त्या वर्षीच, अठ्ठावन्न साली, दोघांनी हे ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी येलहंक्याला थोरल्या अक्कांकडे पोटभर जेवून दोघं बसवनगुडीला परत निघाली आणि वाटेत पावसाने गाठलं. तळ्याच्या बांधावर हयवदनरावांच्या खांद्यावर दोन थापा पडल्या. त्यांनी गाडी अलगद उभी केली. पुढे चार हातांवर गढूळ पाणी गरगर फिरत होतं. खालचा अर्धा रस्ता वाहून गेला होता.

"शाबास!" मागे न बघताच ते म्हणाले, आणि कडेकडेने गाडी काढून गुणगुणत घरी आले.

दारात उतरताच वसुमती म्हणाली, "अहो, ही बरणी स्वल्प धरा बघू. अक्कांचं लोणचं सांडेल म्हणून येलहंक्यापासून दोन्ही हातांनी कवटाळून बसलेय. एक हात सुटला असेल तर शपथ! बोटं उघडेनात आता."

त्यांनी बरणी घेतली. तिने कुलूप काढलं, दार ढकललं आणि "या ना," म्हणत ती आतल्या अंधारात गेली.

बरणी सांभाळत हयवदनराव उंबऱ्यापाशी आले, आणि त्यांच्या खांद्यावर हलकेच दोन थापा पडल्या.