मागची ओळ

सभागृहातले दिवे मालवायची वेळ झाली, तसा सविताने आईचा डावा हात घट्ट धरला. उजवा लकव्यापासून मांडीवर नुसता पडून असायचा. अंधाराला घाबरून आई ओरडली तर? सटाण्याहून नाशिकपर्यंत सविताच्या जिवाला तोच घोर. आणि त्याहून मोठा, कुणाला न सांगितलेला: लकव्यात आईची वाचा गेली, ती गेलीच, पण लेकीची ओळखही गेली. आज पडद्यावर स्वतःला पाहूनही ती अशीच कोरी राहिली, तर मग आशा कसली धरायची?

आईवर, म्हणजे गोजराबाईंवर, माहितीपट काढणारा प्रफुल्ल पुढच्या रांगेतून वळला. “ताई, रागावू नका हं. गाण्यांतला तुमचा आवाज काढून टाकलाय. आजींचा एकटीचा कसा मोकळा ऐकू यायला हवा!”

“असू द्या की,” सविता म्हणाली. तिला आत्ता स्वतःच्या आवाजाचं काय पडलं होतं!

खरं तर ही हळदीची गाणी एकटीने कुणी गातच नाही. गोजराबाईंनी ओळ सोडायची, मागून सविताने ती झेलायची. जरा उशीर झाला, की भर मांडवात मांडीला चिमटा बसायचा. लग्न होऊन दोन पोरं झाली, तरी लेकीला त्यातून सूट नव्हती.

अंधार झाला. पडद्यावर ठणठणीत गोजराबाई हसल्या.

“देख ना माय,” सविता कुजबुजली, “तूच शे ती.”

आई बघत होती, स्टँडवर बसलेलं माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतं तशी.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ खणखणीत आली आणि संपली. पडद्यावरच्या सविताचे ओठ हलले, पण आवाज नाही.

गोजराबाईंची चुळबुळ सुरू झाली. सविताचं धाबं दणाणलं. आता ही उठणार, ओरडणार, सगळ्यांसमोर शोभा होणार. दुसरी ओळ आली. तिच्यामागेही शांतता. आईने हिसका देऊन हात सोडवून घेतला.

“माय, बस ना...”

आणि मांडीला करकचून चिमटा बसला.

सविताला रडूच कोसळलं. तिसरी ओळ संपली, तशी ती रडत रडतच, भर सभागृहात, मोठ्याने गायला लागली. पुढचे लोक ‘श्श’ करत वळले. प्रफुल्ल उठून उभा राहिला. सविता थांबली नाही.

आईचा डावा हात तिच्या मांडीवरच होता, पुढच्या ओळीसाठी तयार.