खोटा पेशंट

थळचे बाळाजी नाना कॉलेजात खोटा पेशंट होऊन बसायचे. डॉक्टरचं इंग्रजी पेशंटला आणि पेशंटचं मराठी डॉक्टरला सांगायचा सराव दुभाषाचं काम शिकणारी मुलं त्यांच्यावर करायची. खऱ्या दवाखान्यात पेशंटच्या बायका मध्येच बोलतात, म्हणून त्या शनिवारी मॅडमनी इनशा नावाच्या मुलीला त्यांची बायको करून शेजारी बसवलं.

डॉक्टर झालेल्या मुलाने इंग्रजीत विचारलं. दुभाषी झालेल्या प्रणालीने मराठीत सांगितलं, "काका, पोट कधीपासून दुखतंय?"

नानांनी तोंड उघडायच्या आत इनशा म्हणाली, "ते काय सांगणार? सुकट खाल्ली आन् वर ताक प्यायले. माझं ऐकतात कुठं?"

"तू गप गं," नाना म्हणाले.

"का गप? मी न्हाय बोलायचं तर कोणी बोलायचं?"

कोणाचं भाषांतर करावं ते प्रणालीला कळेना. वर्ग हसत होता. शेवटी डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि त्या दिवसाचा सराव संपला.

नाना मात्र खुर्चीवरून उठेनात. बायको जनी वारल्यापासून त्यांना असं कोणी बोललं नव्हतं.

 

"मॅडम," ते म्हणाले, "फुडच्या शनिवारी जरा मोठं दुखणं द्या. ह्ये लय लवकर बरं झालं."