अबू नवाफच्या नावावरची कामं

"अबू नवाफच्या नावावर आपोआप चालणारी किती कामं आहेत, ते सिस्टिमलाच विचार," हाजिमने आपला पासवर्ड रुबाच्या हाती देत सांगितलं. "एकही नसेल, तर आजच त्यांचं खातं बंद करून त्यांना घरी पाठवतो. असतील, तर आधी ती दुसऱ्याच्या नावावर करून घेऊ आणि मग पाठवू."

हाजिम हा अम्मानच्या त्या डेअरीतला नवा साहेब. म्हातारी माणसं नुसत्या खुर्च्या उबवतात, असं त्याचं ठाम मत. अबू नवाफना निवृत्तीला अजून दोन वर्षं होती आणि धाकटीचं लग्न तोंडावर आलं होतं.

रुबा इथे लागली तेव्हा तिला धड काही येत नव्हतं. अबू नवाफनी हाताला धरून शिकवलं, तिच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या. ती त्यांना अम्मो, म्हणजे काका, म्हणायची; हे उपकार ती जन्मात विसरणार नव्हती.

पण साहेबाचा हुकूम. तिने चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, त्यात अबू नवाफचं नाव घातलं आणि चालवला. उत्तर आलं, शून्य.

हाजिमची कळी खुलली. अबू नवाफनी आपला कप धुऊन पिशवीत टाकला.

"तुझ्यावर राग नाही, पोरी. सांगितलेलं काम केलंस," ते म्हणाले. रुबाला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात गाड्या खोळंबल्या. कुठल्या दुकानाला किती दही, किती लबनेचा चक्का, याच्या याद्या छापूनच आल्या नाहीत. बिलंही निघेनात. सगळं अबू नवाफच्याच खात्यावर चालत होतं. ड्रायव्हरांनी हाजिमचा उद्धार केला, हाजिमने रुबाला झापलं. मला दिसलं तेवढं मी सांगितलं, एवढंच ती म्हणाली.

शेवटी हाजिम स्वतः अबू नवाफच्या घरी गेला. पुढे आलेल्या कॉफीला, तिथल्या रिवाजाप्रमाणे, हात न लावता बसून राहिला. परत यायला हो म्हणाल तरच पिईन, म्हणाला. निवृत्तीपर्यंत कुणी हलवणार नाही, असा शब्दही दिला. मग कुठे कॉफी प्यायली गेली.

दुपारी अबू नवाफ आपल्या खुर्चीत होते. गाड्या सुटल्या होत्या. रुबाने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"शून्य आलंच कसं?" त्यांनी हळूच विचारलं. "साहेबाने तुला स्वतःचा पासवर्ड दिला होता ना? त्याला तर सगळं दिसतं."

"दिला होता."

"मग?"

"मी माझ्या पासवर्डने विचारलं," रुबा म्हणाली. "ज्याला जेवढी परवानगी, तेवढीच कामं सिस्टिम त्याला दाखवते. पहिल्याच दिवशी तुम्ही शिकवलं होतंत, अम्मो."